विमलचं गवत

भादवा लागला की आमच्या कॉलनीतल्या मोकळ्या जागेत कुरडू फुलतो. बुडाशी पांढरट, टोकाशी गुलाबी, एकेक तुरा बोटभर लांब. यंदाही फुललाय. सकाळी चहाचा कप घेऊन मी गच्चीवर उभी राहते, वाऱ्यानं खालचं सगळं गुलाबी एका अंगाला झुकतं, आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. आयुष्यभर लेकरांना शाळेत चांगलं वागायला शिकवलेल्या बाईनं हे लिहू नये. पण दुखतं ते दुखतं.

आमची कॉलनी हिंगोलीच्या अगदी कडेला, जिथं प्लॉट संपतात आणि हळदीची शेतं सुरू होतात. लेआउट पाडताना मधोमध एक जागा सोडलेली होती. तिचा वरचा अर्धा भाग गेली कैक वर्षं माझा. कागदोपत्री नव्हे, सवयीनं. तिथं मी हिरवळ लावली, गुलाबाचे वाफे केले, भोवती मेंदीचं कुंपण घातलं आणि ते फूटपट्टीनं मापावं इतकं सरळ कापत राहिले. वाफ्यांच्या कडेचे दगड दर दिवाळीला गेरू-चुन्यानं रंगवायचे. लोक त्याला शकूमॅडमची बाग म्हणत. साखरपुडा झालेली जोडपी तिथं फोटो काढत. कुणाकडे पाहुणे आले की संध्याकाळी त्यांना बाग दाखवायला आणत आणि मी कुठूनतरी हटकून हातात कात्री घेऊन हजर असे.

खालच्या अर्ध्या भागात पावसाचं पाणी साचायचं. गाजरगवत, बाभळीचं एक खोड, एक हिवराचं झाड, वाऱ्यानं आलेल्या पिशव्या. तिकडे कुणी बघत नसे, मीही नाही.

विमल माझी डी.एड.च्या वेळची मैत्रीण. वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. ती माहेरची आखाडा बाळापूरकडची, शेतकऱ्याघरची. मी गावातली, वडील पोस्टात. नोकरीभर ती तिच्याच भागात राहिली आणि निवृत्त झाल्यावर एकटीनं तिकडे राहण्यापेक्षा माझ्या शेजारी ये म्हणून मीच तिच्या मागे लागले. घरही मीच बघून दिलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते मीच घरी आणलं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आल्या आल्या तिनं विचारलं, खालची जागा मी घेऊ का. म्हटलं, घे की. मला वाटलं ती भाजीपाला लावेल. पण पहिल्या मोठ्या पावसात ती छत्री घेऊन त्या जागेत दोन तास नुसती उभी राहिली. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं थबकतं, हे बघत. नंतर तिनं उताराला एक उथळ खोलगट जागा करून घेतली, निघालेल्या मातीचा लहानसा बांध घातला आणि सगळं गाजरगवत मुळासकट उपटलं. त्यातच तिचा महिना गेला. मग भावाच्या शेताच्या बांधावरनं पोत्यात घालून गवताचे ठोंब आणले. मारवेल, पवन्या. तरवड आणला, कुरडूचं बी आणलं, रुईचं रोप सुद्धा आणलं, जे लोक दारात उगवलं तर उपटून टाकतात.

"हे काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"हे इथलंच हाय," ती म्हणाली. "आपलं गाव व्हायच्या आधीपासूनचं. मी नुसतं परत आणून ठेवून राहिले."

त्या वर्षी फार काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी मात्र गवत कंबरेएवढं झालं आणि कॉलनीत बोलणं सुरू झालं. फिरायला येणारे लोक वरच्या बाजूनं येत, माझ्या गुलाबापाशी रेंगाळत आणि खालचं लागलं की पाय उचलत. एवढी शिकलेली बाई आणि अंगणात रान माजवलंय, असं कुणीतरी म्हटलं. डास होतील, विंचू होतील. कॉलनीचे अध्यक्ष निवृत्त तलाठी आहेत. ते मला म्हणाले, मॅडम, तुमच्या मैत्रिणीला जरा बागकाम शिकवा. मी हसले. घरी येऊन पोळ्या लाटताना सुद्धा ते वाक्य तोंडात घोळवत होते. बरं वाटत होतं. खोटं काहून बोलू, गोड वाटत होतं.

विमलवर त्याचा परिणाम होत नव्हता असं नाही. पण ती सकाळी बांधावर उकिडवी बसली की तिला लोक दिसतच नसत. चतुर किती प्रकारचे आले, रुईवर अळ्या पडल्या, आता फुलपाखरं होतील, मुनिया गवताची काडी वाकवून कसं बी खातात, हे ती मला सांगायची. मी हूं हूं करायची. मला गवत दिसायचं. हिरवं, उंच, वेडंवाकडं, कापायचं राहून गेलेलं गवत.

त्याच भादव्यात प्रज्ञा घरी आली. प्रज्ञा माझी एकुलती एक. पुण्यात शिकते, बागांचं, उद्यानांचं, मोकळ्या जागांचं शिक्षण. तिनं ते शिक्षण निवडलं तेव्हा मी दहा जणांना सांगितलं होतं की माझ्या गुलाबात वाढलेली पोरगी दुसरं काय निवडणार. तिचे लहानपणचे सगळे वाढदिवसाचे फोटो त्या वाफ्यांपुढचे आहेत.

ती येणार म्हणून मी आठ दिवस बाग घासूनपुसून ठेवली होती. सकाळी उठून ती वही घेऊन बाहेर पडली. मी खिडकीतून बघत होते. ती माझ्या हिरवळीवरनं चालत गेली, एका गुलाबाला सवयीनं हात लावला आणि न थांबता खाली उतरली. तिथं विमलशेजारी बांधावर बसली ती दुपार झाली तरी उठली नाही. मी जेवायला हाक मारली, तर दोघी हात करून मलाच बोलवत होत्या. कुरडूवर ऊन आलं होतं. खोलगट जागेतल्या पाण्यात आभाळ होतं. प्रज्ञा वहीत भराभर रेषा ओढत होती आणि विमल बोटानं दाखवत होती, पाणी हिकडून येतं, हितं मुरतं.

रात्रीच्या जेवणाला मी विचारलं, माझी बाग कशी वाटली.

"छान आहे, आई," प्रज्ञा म्हणाली. "तुझी बाग नेहमीच छान असते. पण मावशीची जागा जिवंत आहे."

वरणभात कालवता कालवता ती हे म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मी रोज पाणी घालते, खत घालते, काड्या छाटते, काट्यांनी बोटं फोडून घेते, ते मग काय मेलेलं होतं? आणि जिला मी घर बघून दिलं तिनं चार पोती गवत आणून माझ्या पोरीला माझ्याकडून नेलं होतं. असं मला वाटलं. अगदी याच शब्दांत वाटलं.

प्रज्ञा परत गेली. दोन दिवसांनी विमल महालक्ष्म्यांसाठी भावाकडे गेली, तीन दिवस येणार नव्हती. त्याच संध्याकाळी अध्यक्ष भेटले आणि मी त्यांना सांगितलं की खालच्या गवतात मी साप पाहिला.

मी साप पाहिला नव्हता.

त्यांनी केवढा मोठा, कसला, असं विचारलं आणि मी हातानं लांबी दाखवली. एकदा सुरू झालं की खोटं किती सोपं जातं. समितीचं दुसऱ्याच दिवशी ठरलं. गवत कापायचं मशीन घेऊन एक मध्यम वयाचा माणूस आला, डोक्याला पांढरं उपरणं बांधलेला. मशीनचा आवाज घरभर घुमत होता. मी दार लावून बसले, मग उघडून बघितलं. कुरडूचे तुरे उडत होते. ओल्या गवताचा वास एवढा दाटला होता की घशात बसत होता. सुंदर वास असतो तो, सगळ्यांना आवडतो. मला त्या दिवसापासून आवडत नाही.

मध्येच मशीन बंद पडलं. तो माणूस वाकून काहीतरी बघत होता. मी चप्पल घालून खाली गेले.

"मॅडम, इथं अंडे हायेत," तो हळू आवाजात म्हणाला. "लावरी पाखराचे. एवढं सोडून देऊ का?"

गवताच्या बुडाशी, ठोंबाच्या आडोशाला, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी होती. हिरव्या सावलीत मातीसारखीच दिसणारी. मला तर त्यानं बोट दाखवल्यावरही क्षणभर दिसली नाहीत. त्यानं मशीन चालवताना, तेवढ्या धुरळ्यात कशी पाहिली कोण जाणे. मी मान हलवली. त्यानं त्या ठोंबाभोवती हातभर गवत राखलं आणि बाकीचं सपाट केलं. जाताना मला म्हणाला, जागा लई चांगली होती, काहून कापायला लावली. मी म्हटलं, समितीनं ठरवलं.

विमल आली तेव्हा ऊन कलंडलेलं होतं. हातात महालक्ष्म्यांच्या फराळाचा डबा होता, माझ्यासाठी आणलेला. सापाचं तिला वाटेतच कळलं होतं, पण ती रडली नाही, कुणाला बोलली नाही. कापलेल्या गवतावर जाऊन बसली आणि काड्या उचलून त्यांची टोकं बघू लागली. बी धरायच्या आधीच कापलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. जावंच लागलं.

"लोकाला काहून दिसत न्हाई गं?" ती म्हणाली. "सापाची तकलीफ होती तर मला सांगायचं. मी असते ना इथं. पण त्यांना दिसतच न्हाई. तुला तर दिसतं ना?"

मी हो म्हणाले. ते दुसरं खोटं.

मग ती म्हणाली, "तुझ्या बागेत येणारा माणूस थांबतो. मी रोज बघते. काय असतं गं त्याच्यात?"

आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. प्रज्ञानंही नाही. आणि काय असतं ते मला माहीत होतं. मी तिला सांगितलं, अपराध मनात होता म्हणून सांगितलं आणि जाणकार म्हणून विचारलं याचं सुख होतं म्हणूनही. म्हटलं, माणूस आधी फूल बघत नाही. इथं कुणाचा हात फिरलाय का ते बघतो. तू सगळं मोकळं सोडतेस, तर लोकांना वाटतं ते टाकून दिलेलं आहे. काठ काप. आत तुझं गवत हवं तेवढं वाढू दे, पण बाहेरची हातभर पट्टी अशी राख की ते मुद्दाम वाढवलंय हे रस्त्यावरनं कळलं पाहिजे. आत जायला एक पायवाट काढ. बसायला काहीतरी ठेव.

विमलनं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, एवढंच?

एवढंच होतं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी मिळून ते केलं. मुळं जमिनीत शाबूत होती, त्यामुळे गवत परत जोमानं आलं. कुरडूचं बी तिनं पुन्हा भावाकडून आणलं. काठ मी विळ्यानं कापायची, माझ्या मेंदीसारखाच, सरळ. दगड लावायचे ठरल्यावर मी चुना आणला, पण तिनं हात जोडले. दगड काळेच राहू दिले. एका बंद पडलेल्या शाळेचा जुना सागवानी बाक आणून हिवराखाली ठेवला.

आणि तेच लोक, तेच गवत. भादव्यात कुरडू फुलला तेव्हा आमचे अध्यक्ष जावयाला घेऊन पायवाटेनं आत गेले. त्यांचं बोलणं मला मेंदीच्या अलीकडे ऐकू येत होतं. हे आपल्या भागातलं जुनं गवत आहे बरं का, असं ते सांगत होते. फोटो काढणारी जोडपी आता खाली उतरू लागली. बायका बाकावर बसून शेंगा सोलू लागल्या. आदल्या वर्षीचं रान त्या वर्षी देखणं झालं होतं, हातभर रुंदीच्या कापलेल्या पट्टीनं. माणसाची नजर किती भित्री असते, हे मला तेव्हा कळलं. तिला कडेला धरायला काहीतरी लागतं, मग ती आत जायला तयार होते. पण एकदा आत गेली की कडेची आठवण कुणाला राहते? सगळे विमलचं कौतुक करत. विमल प्रत्येकाला सांगायची, ही कल्पना शकूची. लोक हो हो म्हणायचे आणि पुन्हा कुरडूकडे बघायचे. शेवटी मी संध्याकाळी कात्री घेऊन माझ्या गुलाबात जायचं बंद केलं. विचारायला कुणी येतच नव्हतं.

ही गेल्या वर्षीची गोष्ट. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी प्रज्ञा तिच्या कॉलेजातल्या बारा-पंधरा पोरापोरींना घेऊन आली. मुक्कामाला नरसीला होती ती मंडळी, सकाळी इकडे आली. सगळे पायवाटेवर, बांधावर बसले. विमल पदर खोचून उभी राहिली आणि पाणी कुठून येतं तिथपासून सांगू लागली. ती शाळेत कशी शिकवत असेल ते मला तेव्हा दिसलं. मी बाकावर बसले होते. मग तिनं गवत कापून टाकल्याचं सांगितलं. कुणीतरी साप पाहिल्याची तक्रार केली होती म्हणून.

एका मुलीनं विचारलं, तक्रार कुणी केली ते कळलं का.

"न्हाई," विमल म्हणाली. "मी विचारलं बी न्हाई. भ्यालं असंल कोणीतरी. भीती वाटतेच माणसाला, त्याच्यात त्याची काय चूक."

ती चिडली असती, तर मी गप्प बसले असते. पण तिनं माझ्यासाठी कारण सुद्धा शोधून ठेवलं होतं, आणि मला तेही सहन झालं नाही. एवढंही हिनं चांगलं असावं?

"मी केली होती," मी म्हणाले. "साप नव्हता."

एका मुलानं वही मिटली. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती, तिला ऐकू आलं नसावं असा तिचा चेहरा होता. विमलनं पोरांना हिवराच्या सावलीत बसून चित्रं काढायला सांगितलं आणि माझ्यापाशी आली. बसली नाही.

"सापाला नव्हती भ्याली," ती म्हणाली. "मग मला भ्याली का?"

"व्हय."

तिनं मान हलवली, जशी ती पाण्याचा ओघ कळल्यावर हलवते तशी. मग घरी निघून गेली.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला गेले तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "आई, काठाची कल्पना तुझी, असं मी चित्राखाली लिहिणार होते. आता काय लिहू?" मी म्हटलं, जसं झालं तसं लिही. तिनं पाया पडताना नेहमीसारखी मिठी मारली नाही. फलाटावर गाडी हलली तरी मी तिथंच उभी होते.

नवरात्रभर विमल आली नाही. तिच्या दाराशी मी दोनदा गेले, आत कुकरची शिट्टी झाली, दार उघडलं नाही. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी रोज सकाळी खाली जाऊन काठ कापत राहिले. कापता कापता थांबायची. कुणी दाखवणारं नव्हतं, सांगणारं नव्हतं, आणि कुणाच्या कौतुकावर लक्ष ठेवायचं नव्हतं. पवन्या तांबूस व्हायला लागला होता. दंव पडायचं तेव्हा एकेका काडीवर कोळ्याची जाळी ओली होऊन दिसायची, शंभर, दोनशे, मोजता येणार नाहीत एवढी. कुठूनतरी कापलेल्या सोयाबीनचा वास यायचा. मी विळा मांडीवर ठेवून बसून राहायची. हे तीन वर्षं इथं होतं आणि मी खिडकीतून फक्त तिथं कोण कोण जातंय ते बघत होते.

दसऱ्याच्या सकाळी मी पांढरी साडी नेसून विहारात जायला निघाले. आमच्या घरी त्या दिवसाचं महत्त्व धम्मचक्र प्रवर्तनाचं. विमलकडच्या लोकांचं निराळं, त्यांच्यात त्या दिवशी चास पक्षी, म्हणजे नीळकंठ, बघतात. तो दिसला की वर्ष चांगलं जातं. पहाटेपासून माणसं शेतं पालथी घालतात त्याच्यासाठी. विमल दर दसऱ्याला भावाच्या शेतात जायची. त्या वर्षी कुणाशी बोलायची इच्छा नाही म्हणून गेली नव्हती, हे मला शेजारणीकडून कळलं होतं.

पायवाटेपाशी मी सहज मान वळवली. हिवराच्या खालच्या फांदीवर एक तपकिरी, जाड्या डोक्याचा पक्षी बसला होता. मला आधी ओळखू आला नाही. मग तो गवतात उतरला आणि पंख उघडले. एवढं निळं मी कशातच पाहिलं नाही. माझ्या कुठल्या गुलाबात नाही, कुठल्या साडीत नाही. चोचीत नाकतोडा धरून तो परत फांदीवर बसला.

मी तशीच वळले आणि विमलचं दार वाजवू लागले. उघडेना. म्हटलं, विमल, चास आलाय, खाली तुझ्या गवतात. कडी निघाली. ती अनवाणी, ओल्या केसांनी माझ्या पुढं धावत गेली.

फांदी रिकामी होती.

"कुठं हाय?"

"इथंच होता. नाकतोडा धरला त्यानं."

"खरं सांगून राहिलीस?"

हे विचारायचा तिला पूर्ण हक्क होता. मी म्हटलं, खरं. तिनं माझ्या डोळ्यात बघितलं आणि तिला पटलं. पटल्यावर तिचा चेहरा बदलला. ओठ आवळले गेले, नजर त्या फांदीवरनं हलेना.

"तीन वर्षं झाले," ती म्हणाली. "माझ्या जागेत एकदा बी आला न्हाई. आला तर तुला दिसला."

त्या आवाजात राग नव्हता. दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे कॉलनीत माझ्याइतकं कुणालाच कळलं नसतं. मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही. आम्ही दोघी बाकावर बसलो. विहारातल्या वंदनेची वेळ टळत होती, तिकडे लाउडस्पीकर सुरू झाला होता. ती हिवराकडे डोळे लावून बसली होती आणि मीही बसले होते, तो परत यावा म्हणून. तिच्यासाठी यावा असं मला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, येऊ नये असंही वाटत होतं.